जांभळाच्या जागी

आमच्या चर्चच्या आवारात, क्रुसाच्या ओट्यापासून वीस-पंचवीस पावलांवर, लाकडाचे एक खेळणे उभे आहे. चार खांब, जमिनीपासून साडेचार फुटांवर फळ्यांची बैठक, एका अंगाला शिडी, दुसऱ्या अंगाला दोरखंडाची जाळी, तिसऱ्या अंगाला हातापायांना आधार देणारे ठोकळे बसवलेली तिरपी भिंत आणि चौथ्या अंगाला घसरगुंडी. मुले त्याला ‘जंगलजिम’ म्हणतात. वाडीत हयात घालवलेल्या म्हाताऱ्या माणसांनी मात्र त्याला ‘माच’ हे नाव दिले आहे. पाखरे राखण्यासाठी शेतात चार मेढी रोवून बांधलेल्या माचेची त्यांना आठवण होते. २०२२ साली पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या आठवड्यात आम्ही ते उभारले. प्रवचने तयार करण्यात माझी पंचवीसहून अधिक वर्षे गेली होती. परंतु नट आणि बोल्ट यांच्याकडून धडा घेण्याची वेळ त्या वर्षी प्रथमच आली.

कोरोनाच्या साथीने मार्च २०२० मध्ये देवळाचे दरवाजे बंद झाले. ते पुन्हा उघडले, धर्मशिक्षणाचे वर्ग सुरू झाले, मुले आवारात दिसू लागली. पण ही मुले निराळी वाटत होती. सात वर्षांचा एक मुलगा ओट्याच्या कठड्यावर कसाबसा चढला आणि तिथेच उभा राहून रडू लागला. कठडा जेमतेम तीन फूट उंच. खाली कसे उतरावे हेच त्याला उमजत नव्हते. त्याला मी उचलून खाली घेतले, पण ते रडणे मनातून गेले नाही. आमच्या पिढीला झाडावर चढायला कुणी शिकवले नव्हते. वाडीत आंबा होता, चिंच होती, विहिरीवर वाकलेला उंडीचा बुंधा होता. आता वाड्यांच्या जागी इमारती उभ्या आहेत, विहिरी बुजल्या आहेत आणि इमारतींच्या अंगणात फरश्यांवर गाड्या उभ्या असतात. मुलांनी चढायचे कशावर?

पालकीय मंडळाच्या सभेत मी विषय काढला. वर्गणीची अडचण आली नाही. अडचण आली ती निराळ्याच प्रश्नाची. “फादर, मूल पडलं तर जबाबदार कोण?” प्रश्न विचारणारे गृहस्थ समजूतदार होते आणि प्रश्नही वावगा नव्हता. मी त्यांना संत जॉन बॉस्कोचे उदाहरण दिले. लहानपणी जत्रेतल्या डोंबाऱ्यांचे खेळ पाहून तो दोरीवर चालायला शिकला आणि पुढे तुरीन शहरातल्या उनाड मुलांना प्रार्थनेआधी त्याने खेळाचे मैदान दिले. सर्वांनी माना डोलावल्या, ठराव संमत झाला. परंतु त्या गृहस्थांच्या प्रश्नाला मी उत्तर दिलेच नव्हते, हे मला ठाऊक होते. त्याच प्रश्नाला एकदा, फार वर्षांपूर्वी, मी भलतेच उत्तर देऊन बसलो होतो.

एका व्यापाऱ्याकडून खेळणे मागवले. पाच खोकी आली. आत रंधलेले, वाळवी लागू नये म्हणून औषध पाजलेले परदेशी देवदाराच्या जातीचे लाकूड, प्रत्येक तुकड्यावर क्रमांक, पिशव्यांतून नट-बोल्ट आणि एक पुस्तिका. पुस्तिकेत एकही शब्द नव्हता, नुसती चित्रे होती.

ही कल्पना मुळात कोणाची, याचे मला कुतूहल वाटले. शोधता शोधता एक मनोरंजक वंशावळ हाती लागली. सेबॅस्टियन हिंटन नावाच्या शिकागोच्या एका वकिलाने १९२० साली या चढण्याच्या सांगाड्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९२३ साली ते मंजूर झाले. त्याचे वडील चार्ल्स हॉवर्ड हिंटन गणितज्ञ होते. जपानात राहत असताना त्यांनी आपल्या मुलांसाठी बांबूंचा एक सांगाडा बांधला होता. लांबी, रुंदी, उंची या तिन्ही दिशांची जाण मुलांच्या अंगात मुरावी आणि पुढे चौथ्या मितीची कल्पनाही त्यांना करता यावी, असा त्यांचा हेतू. गणित मागे पडले. चढण्याचा आनंद तेवढा मुलाच्या लक्षात राहिला. याच सेबॅस्टियनची आजी, म्हणजे आईची आई, मेरी एव्हरेस्ट ही भारताचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. ज्यांचे नाव १८६५ साली जगातल्या सर्वांत उंच शिखराला दिले गेले, त्यांच्याच कुळातल्या एकाने मुलांना चढण्यासाठी हे छोटेसे शिखर दिले, हे वाचून मला मौज वाटली.

ईस्टरनंतरच्या सोमवारी, १८ एप्रिलला, कामाला आरंभ झाला. धर्मग्रामातले पाच-सहा तरुण आणि सत्तरी उलटलेले एक सुतार. त्यांना सारे गाव मेस्त्रीकाका म्हणते. देवळाची बाके, वेदीमागची चौकट, शवपेट्या, सारे त्यांच्या हातचे. खेळण्याची जागा त्यांनीच ठरवली. सभोवती सहा-सहा फूट मोकळी जागा हवी, मूल कुठल्याही बाजूने पडले तरी भिंतीवर वा दगडावर आदळू नये. दुपारनंतर देवळाची सावली यावी आणि ओट्यावर बसलेल्या आयांना मुले दिसावीत. या सर्व अटी पुऱ्या करणारी जागा आवारात एकच होती. त्यांनी तिच्याकडे बोट दाखवले तेव्हा मी क्षणभर काही बोललो नाही.

खड्ड्यांची आखणी दोरीने झाली. एका बाजूला तीन फुटांवर खूण, दुसऱ्या बाजूला चार फुटांवर खूण, दोन्ही खुणांमधले तिरपे अंतर बरोबर पाच फूट भरले की कोपरा काटकोनात आला. पायथागोरसचा सिद्धांत सेमिनरीत जायच्या आधी मी शाळेत शिकलो होतो. तो जमिनीवर उपयोगी पडताना मात्र प्रथमच पाहिला. तिसऱ्या खड्ड्यात पहार अडली. खणणाऱ्या तरुणाने माती बाजूला केली तर खाली काळेभोर, मांडीएवढे जाड मूळ.

“जांभळाचं आहे,” मेस्त्रीकाका म्हणाले. “जांभूळ पाण्यातसुद्धा कुजत नाही. पूर्वी विहिरीच्या तळाला घालायचे.”

ते मूळ कोणत्या झाडाचे, हे मला सांगावे लागणार नव्हते. १९९८ साली याच धर्मग्रामात मी साहाय्यक धर्मगुरू होतो. त्या जागी एक विशाल जांभूळ उभा होता. जून महिन्यात शाळा सुटली की निम्मी मुले त्याच्यावर आणि निम्मी त्याच्याखाली. जांभळाची फांदी दिसते भक्कम, पण ठिसूळ असते. पहिला पाऊस पडून गेला होता, साल निसरडी झाली होती. नऊ वर्षांचा एक मुलगा फांदीसकट खाली आला. कोपर मोडले. रिक्षातून त्याला मीच इस्पितळात नेले. रात्रभर मला झोप आली नाही. त्याच्या जागी डोके आपटले असते तर, हा एकच विचार. येत्या रविवारी मिस्साच्या शेवटी मी घोषणा केली की, मुलांच्या सुरक्षिततेसाठी झाड तोडण्यात येत आहे. आठवड्याच्या आत ते बुंध्यापासून तोडले गेले. त्या मुलाच्या आईवडिलांनी माझे आभार मानले. अनेकांनी मानले. मी माझे कर्तव्य केले, अशा समाधानात माझी बदली झाली आणि वीसेक वर्षांनी मुख्य धर्मगुरू म्हणून परत आलो तेव्हा जागा मोकळीच होती.

मूळ पाहून खड्ड्यातला तरुण हसला. त्याने शर्टाची बाही वर केली. त्याचे कोपर पूर्ण सरळ होत नव्हते.

“ओळखलं नाही ना फादर? मीच तो.”

मी खरोखरच ओळखले नव्हते. आता तो तेहतीस वर्षांचा, पाच वर्षांच्या मुलीचा बाप होता. मी त्याच्या हाताची चौकशी केली. तो म्हणाला, “हात दोन-तीन महिन्यांत बरा झाला. पण शाळेत पोरं मला म्हणायची, ह्याच्यामुळे जांभूळ गेलं. दहावीपर्यंत म्हणायची. जून आला की मला चर्चच्या मैदानात यायला नको वाटायचं.”

हे त्याने कुठलीही कटुता न ठेवता, पहारीची माती झटकता झटकता सांगितले. तरुण हसले, तोही हसला. मला मात्र हसता आले नाही. चोवीस वर्षे माझी समजूत होती की मी एका मुलाला वाचवले. प्रत्यक्षात माझी भीती मी त्याच्या पाठीवर ठेवून निघून गेलो होतो. झाड मी तोडले. त्याचा दोष मात्र त्या नऊ वर्षांच्या मुलाने आपल्या वाट्याचा म्हणून वाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेस्त्रीकाकांना दुसरीकडे काम होते, दुपारी येणार होते. मी मिस्सा आटोपताच पुस्तिका घेऊन बसलो. मन बेचैन असले की माणसाला काहीतरी पुरे करून टाकावेसे वाटते. तरुणांना हाताशी धरून मी दोन बाजूंच्या चौकटी जमिनीवर जुळवल्या. प्रत्येक बोल्ट भोकातून घातला, रुंद वॉशर लावला, नट फिरवला आणि जोर लावून आवळला. लाकडात वॉशर रुतेपर्यंत आवळला. मला वाटले, चोख काम झाले. मग दोन्ही चौकटी उभ्या करून आडवे वासे बसवायला गेलो, तर तीन सांधे जुळले आणि चौथ्याचे भोक दोन बोटे बाजूला गेले. ओढून पाहिले, हातोड्याने ठोकून पाहिले. उन्हाने सारे घामाघूम झाले. व्यापाऱ्याने चुकीचे भोक पाडले, असा निष्कर्षही मी काढून ठेवला.

मेस्त्रीकाका आले. त्यांनी भोकाकडे पाहिलेच नाही. एका नटावर अंगठा टेकवला आणि म्हणाले, “फादर, सगळं ढिलं करा.”

“सगळं?”

“सगळं. घर पुरं उभं राहीपर्यंत कुणालाच आवळायचं नाही. बोल्ट घालायचा, नट धरेल एवढाच फिरवायचा. मग ओळंबा लावायचा, कर्ण मोजायचे, जो तो आपल्या जागेवर बसतो. शेवटी आवळायचं, तेही थोडं थोडं, समोरासमोर.”

आम्ही सारे नट ढिले केले. सांगाडा थरथरत, डुगडुगत उभा राहिला. पाहणाऱ्याला वाटावे, आता कोसळेल. मग मेस्त्रीकाकांनी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फीत लावली. दोन्ही तिरपी मापे सारखी येईतो एक खांब किंचित ढकलला, दुसरा किंचित ओढला. चौथे भोक आपोआप समोर आले आणि बोल्ट बोटानेच आत गेला. व्यापाऱ्याचा काही दोष नव्हता. पहिल्याच सांध्यात मी जी अदृश्य चूक घट्ट करून ठेवली होती, तीच चार सांध्यांमधून वाढत शेवटी दोन बोटांची झाली होती.

संध्याकाळी बाकीचे चहाला गेले. तो तरुण आणि मी दोघेच मागे राहिलो. तो वरच्या वाशावर बसून बोल्ट आवळीत होता, मी खाली हत्यारांची पेटी धरून उभा होतो. हजारो लोकांची पापनिवेदने मी ऐकली आहेत. स्वतःची चूक, ज्याच्याविरुद्ध केली त्याच्याचपाशी कबूल करणे किती कठीण असते, हे मला त्या संध्याकाळी कळले. मी म्हणालो, “ते झाड मी घाबरून तोडलं. तुझा काही दोष नव्हता. हे मी त्याच वेळी सर्वांसमोर सांगायला हवं होतं. मला क्षमा कर.”

तो गोंधळला. बराच वेळ नटाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “काय फादर, तुम्हीपण!” आणि जरा थांबून, “सतरा नंबरचा पाना द्या.”

मी पाना दिला. त्याहून निराळी क्षमा मला नको होती.

पुढचे काम धिमेपणाने झाले. खांबांचे लाकूड थेट मातीत पुरायचे नाही, नाहीतर आमच्याकडच्या पावसाळ्यात ते बुडाशी कुजते. म्हणून जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पट्ट्या खांबांना जोडून, त्या खड्ड्यात सोडून भोवती काँक्रीट ओतले. कठड्याच्या प्रत्येक दोन पट्ट्यांमधले अंतर तपासले. साडेतीन इंचांहून अधिक आणि नऊ इंचांहून कमी अशी फट घातक असते. लहान मुलाचे अंग तिच्यातून पाय पुढे करून सरकते आणि डोके मात्र अडकते. मेस्त्रीकाकांनी साडेतीन इंचांचा एक ठोकळा कापला आणि प्रत्येक फटीत घालून पाहिला. जिथे तो शिरला तिथे एक पट्टी वाढवली. खाली फूटभर जाडीची धुतलेली नदीची वाळू पसरली. शनिवारी काँक्रीट ओतून आठवडाभर त्यावर पाणी मारले. संत योसेफ या श्रमिकाचा सण १ मे रोजी येतो. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली तो सुरू केला. २०२२ मध्ये तो दिवस रविवारी आला. मिस्सानंतर आशीर्वादाचा विधी झाला.

त्या दिवशी प्रवचनात मी जक्कयाची गोष्ट सांगितली. ठेंगणा माणूस, येशूला पाहण्यासाठी उंबराच्या झाडावर चढला. गर्दीतल्या कुणालाही ते शोभले नसेल. येशूने मात्र त्याला चढल्याबद्दल दटावले नाही. वर पाहिले, नावाने हाक मारली आणि खाली यायला सांगितले. जक्कय आपल्या पायांनी वर गेला होता, आपल्याच पायांनी खाली आला.

विधी संपताच मुलांची झुंबड उडाली. त्या तरुणाची मुलगी जाळीच्या मध्यावर जाऊन अडकली. वर जाववेना, खाली येववेना. ओठ थरथरू लागले. बाप धावला, त्याच्या मागोमाग मीही. मेस्त्रीकाकांनी आम्हा दोघांना हाताने अडवले. “पडली तर झेलायला उभे राहा. उचलू नका. मूल जिथवर आपल्या हातापायांनी चढतं, तिथून उतरायलाही शिकतं. आपण वर नेऊन बसवलं, तर त्याला उतरता येत नाही.” तीन-चार मिनिटे गेली. ती मला तासाभराची वाटली. मग तिने एक पाय खाली सोडला, चाचपला, दोरीवर टेकवला. खाली आल्यावर तिने आमच्याकडे पाहिलेही नाही. वळसा घालून पुन्हा चढायला गेली.

ही हकिकत इथेच संपवली असती तर गोड झाली असती. पण सभेतल्या त्या गृहस्थांचा प्रश्न अजून बाकी होता आणि तो वर्षभरात पुढे आलाच. २०२३ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत दहा वर्षांचा एक मुलगा बैठकीवरून खाली पडला आणि त्याचे मनगट मोडले. निरोप आला तेव्हा माझ्या पोटात १९९८ सालचाच गोळा उठला. संध्याकाळपर्यंत चार जणांनी सुचवले की खेळणे काढून टाकावे. खरे सांगतो, माझ्याही ओठांवर तेच शब्द आले होते.

त्याआधी मात्र मी मेस्त्रीकाकांना घेऊन जागेवर गेलो. त्यांनी वाळूत एक सळई खुपसली. ज्या बाजूला मुले उड्या मारीत, त्या बाजूला फूटभर वाळूची पाच इंच उरली होती आणि तीही पायांनी तुडवून दगडासारखी घट्ट झाली होती. वाळू पसरल्यावर तिची निगा राखायची असते, दर आठवड्याला ती उकरून, ओढून सारखी करायची असते, हे आम्ही विसरलो होतो. मूल चढले हा काही अपराध नव्हता. ज्याने त्याला खाली झेलायचे, त्या आम्ही आमचे काम केले नव्हते.

रात्री मी त्या मुलाच्या घरी गेलो. प्लास्टर घातलेला हात मांडीवर घेऊन तो बसला होता. आईवडिलांशी बोलण्याआधी मी त्याच्याशी बोललो. त्याने विचारले, “फादर, आता ते काढणार?”

मी म्हणालो, “नाही. चूक वाळूची होती, म्हणजे माझी. तुझी नाही. हात बरा झाला की ये.”

रविवारी मिस्साच्या शेवटी मी घोषणा केली. त्याच वेदीवरून, पंचवीस वर्षांनंतर. मुलाला इजा झाली त्याला कारण आमची हयगय, हे सांगितले. त्याच्या आईवडिलांची क्षमा मागितली. वाळू भरेपर्यंत पंधरा दिवस खेळणे बंद राहील आणि मग पुन्हा सुरू होईल, असे जाहीर केले. दर शनिवारी वाळू उकरण्यासाठी तरुणांची पाळी लावली. सर्वांनाच ते पटले असे नाही. दोन कुटुंबांनी मुलांना पाठवणे थांबवले. त्यांच्या भीतीला मी नावे ठेवीत नाही. ती भीती मी जवळून ओळखतो.

लाकूड पावसाळ्यात फुगते आणि ऑक्टोबरच्या उन्हात आकसते. तंतूंच्या लांबीत नव्हे, तर जाडीत. त्यामुळे घट्ट बसवलेले नटही दरवर्षी सैल होतात. म्हणून रोझरीच्या महिन्यात एक संध्याकाळ आम्ही त्यासाठी राखून ठेवली आहे. मेस्त्रीकाकांचे गुडघे आता साथ देत नाहीत; ते ओट्यावर बसून सूचना देतात. तो तरुण वरच्या वाशावर बसतो. मी खाली पेटी धरून उभा राहतो आणि सतराचा पाना न मागता पुढे करतो.

जखऱ्या संदेष्ट्याने उद्ध्वस्त यरुशलेमेच्या पुनर्वसनाचे एक चित्र रेखाटले आहे. त्यात सोन्याची वेस नाही की विजयी सैन्य नाही. हाती काठ्या घेतलेली वृद्ध माणसे रस्त्यांत बसली आहेत आणि तेच रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरून गेले आहेत. परमेश्वर आपल्या नगरीत परत आला, याची खूण एवढीच. सायंकाळी प्रार्थनेची घंटा होण्याआधी मी ओट्यापाशी येतो तेव्हा म्हाताऱ्या माणसांच्या काठ्या कठड्याला टेकलेल्या असतात, आणि जिथे एकदा मी जांभूळ तोडला, तिथून मुलांचा गोंगाट येत असतो. मनगट मोडलेला तो मुलगाही त्यांच्यात असतो. बहुधा सर्वांत वर.